नाताळातली बिअर चाखताना : बेळगाव आणि सीमाभागातून नेहमी येणारे प्रश्न

डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला की पुण्या-बंगळूरला नोकरीला असलेली मुलं बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीला घरी परततात. बेळगावच्या कॅम्पात घराघरावर कागदी चांदण्या लागलेल्या असतात, शाळांना सुट्टी असते, रात्री गच्चीवर भावंडं जमतात आणि कुणीतरी विषय काढतंच : ‘तिकडं नाताळची म्हणून एक काळी बिअर प्यायलो, इथं मिळेल काय गा?’ तिथून पुढं जे प्रश्न निघतात ते आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. न पिणाऱ्यांनी सुरुवात करावी म्हणून हे लिहिलेलं नाही. ज्यांना बिअर आवडते त्यांनी ती थोडी आणि नीट चाखावी, एवढ्यासाठी आहे.

नाताळची बिअर म्हणजे नक्की कुठली? तिचा वेगळा प्रकार असतो का?

ठरलेली अशी एक कृती नाही. युरोपात थंडी पडली की बिअर बनवणारे नेहमीपेक्षा दाट, गडद आणि जास्त अल्कोहोलची बिअर काढतात. उन्हाळ्यात तहान भागवणारी हलकी बिअर, हिवाळ्यात शेकोटीपाशी तासभर पुरणारी भारी बिअर, एवढा साधा हिशेब त्यामागे आहे. आपली रोजची सोनेरी बिअर, म्हणजे लागर, साधारण ४.५ ते ५ टक्क्यांची असते. नाताळच्या बिअर बहुतेक ६ ते १० टक्क्यांच्या असतात, काही त्याच्याही पुढे जातात.

ढोबळमानाने तीन घराणी सांगता येतील. पहिलं बेल्जियमचं : गडद, गोडसर, सुक्या मेव्याच्या वासाची. सेंट बर्नार्डस ख्रिसमस एल आणि डिलिरियम नोएल या तिथल्या प्रसिद्ध बाटल्या, दोन्ही १० टक्क्यांच्या. दुसरं जर्मन-ऑस्ट्रियन : डॉपेलबॉक, म्हणजे कमी तापमानाला सावकाश आंबवून महिनोनमहिने मुरवलेली, माल्टनं (मोड आणून भाजलेल्या सातूनं) भरलेली लागर. तिसरं इंग्रज-अमेरिकन : पोर्टर आणि स्टाउट (दोन्ही भाजलेल्या माल्टच्या गडद बिअर), ओल्ड एल (एल म्हणजे लागरपेक्षा उबदार तापमानाला, लवकर आंबवलेली बिअर), आणि दालचिनी-जायफळ-आलं-संत्र्याची साल घातलेल्या मसालेदार एल. मसाला असलाच पाहिजे असं मात्र नाही. अमेरिकेतली सिएरा नेवाडाची सेलिब्रेशन ही १९८१ पासूनची नाताळची बिअर तर ताज्या हॉप्सची (बिअरला कडूपणा आणि वास देणाऱ्या फुलांची) कडवट आयपीए, म्हणजे इंडिया पेल एल, आहे, तिच्यात मसाल्याचा कणही नसतो.

काळी बिअर म्हणजे जास्त कडक, बरोबर ना?

नाही. रंग येतो तो भाजण्यातून. सातूला मोड आणायचे, ते वाळवायचे आणि मग हवे तितके भाजायचे, हा झाला माल्ट. कमी भाजला तर सोनेरी, जास्त भाजला तर तांबूस, करपायच्या बेताला आणला तर काळा. गिनेस ही जगातली सर्वात ओळखीची काळी बिअर, आणि तिची ड्राफ्ट जेमतेम ४.२ टक्क्यांची असते. उलट बेल्जियमची फिकट सोनेरी ट्रिपल ८-९ टक्क्यांची. रंग पाहून अंदाज बांधू नका, लेबलावरचा आकडा वाचा.

नाताळला बिअर पिण्याची प्रथा आली कुठून?

ती ख्रिस्ती धर्माइतकीच, किंबहुना त्याच्याही आधीची. उत्तर युरोपात हिवाळ्याच्या मध्यावर सण होता आणि त्या सणाला घरोघरी बिअर बनत असे. नॉर्वेत ख्रिस्ती धर्म आला तेव्हा ही चाल मोडण्याऐवजी तिला कायद्यातच घेतलं. तिथल्या गुलाथिंग या मध्ययुगीन कायद्यात शेतकऱ्यानं नाताळासाठी बिअर बनवलीच पाहिजे, आणि ख्रिस्त व मरिया यांच्या नावानं ती आशीर्वादित केली पाहिजे, असं कलम होतं. सलग तीन वर्षं ज्यानं ती बनवली नाही त्याला आपल्या मालमत्तेवर पाणी सोडावं लागे. निम्मी राजाला, निम्मी बिशपला.

डेन्मार्कमध्ये आजही नोव्हेंबरच्या पहिल्या शुक्रवारी रात्री ८ वाजून ५९ मिनिटांनी टुबॉर्गची नाताळची बिअर बाजारात येते आणि लोक त्या मिनिटाची वाट पाहत रस्त्यावर उभे असतात. ऑस्ट्रियातली सामिक्लाउस वर्षातून एकाच दिवशी, ६ डिसेंबरला, म्हणजे संत निकोलसच्या सणाला ब्रू होते. मग ती दहा महिने मुरते आणि पुढच्या नाताळला बाटलीत येते, तब्बल १४ टक्क्यांची. सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर कंपनीनं १९७५ पासून दरवर्षी नवी कृती आणि लेबलावर नवं झाड अशी परंपरा चालवली होती. २०२३ मध्ये ती जुनी कंपनी बंद पडली. बिअरवर प्रेम करणाऱ्यांना त्याची हळहळ अजून आहे, मलाही आहे.

हे सगळं युरोपचं झालं. आपल्याकडे काय मिळतं?

वर सांगितलेल्या बेल्जियन बाटल्यांवर बेळगावात आशा लावून बसू नका. त्यापेक्षा त्या चवीची ओळख करून देणाऱ्या बिअर शोधा. मोठ्या दुकानात हुगार्डन विचारा : बेल्जियमची ही गव्हाची बिअर धने आणि संत्र्याच्या सालीवर बनते, म्हणजे बिअरमध्ये मसाला कसा विरघळतो हे शिकायला ती उत्तम. एखादी स्टाउट किंवा पोर्टर हाती लागली तर भाजलेल्या माल्टची ओळख होईल. या दोन चवी ओळखता आल्या की नाताळच्या बिअरचं निम्मं व्याकरण आलं.

खरी हंगामी बिअर मिळते ती जिथे बनते तिथेच, टाकीला लागून असलेल्या नळावर. आपण सीमाभागातले लोक या बाबतीत नशीबवान आहोत, कारण तीन बाजूंना तीन वाटा आहेत. पुण्यात २००९ साली डुलालीनं अशा बिअरची सुरुवात केली, पुढे इंडिपेंडन्स ब्रुइंग कंपनी आणि ग्रेट स्टेट एलवर्क्स आल्या. बंगळुरात टॉइट, आर्बर, विंडमिल्स अशी नावं आहेत. आणि गोवा तर चोर्ला घाट उतरला की समोरच. डिचोली तालुक्यातल्या लाटंबार्सेत ‘माका दी’ बनते, सांगोल्ड्यात गोवा ब्रुइंग कंपनीनं ‘एट फिंगर एडी’ ही आयपीए काढली. ‘माका दी’ची बेल्जियन ट्रिपल दिसली तर जरूर घ्या; सोनेरी असली तरी चवीनं ती नाताळच्या ताटाशी जमते.

नळावरची हंगामी बिअर थोडीच बनते आणि संपली की संपली. म्हणून निघण्यापूर्वी फोन करून ‘सध्या सीझनलमध्ये काय आहे, स्टाउट किंवा मसाल्याची काही आहे का’ एवढं विचारून घ्या.

गोव्याहून चार बाटल्या गाडीत टाकून आणल्या तर?

आणू नका. परवान्याशिवाय दुसऱ्या राज्यातलं मद्य कर्नाटकात आणणं गुन्हा आहे, आणि महाराष्ट्राच्या बाजूलाही तेच. कणकुंबी, अनमोड, कोगनोळी या वाटांवर नाताळ ते थर्टीफर्स्ट तपासणी कडक असते. चार बाटल्यांपायी गाडी अडकवून घेणं आणि घरच्यांना अबकारी खात्याच्या दारात उभं करणं, इतकी मोठी ती चव नाही. गोव्यात मुक्काम करा, तिथेच चाखा, आठवण घेऊन या.

वयाची अट तिन्ही राज्यांत सारखीच ना?

कर्नाटकात २१ धरून चाला. २०२३ च्या सुरुवातीला ती १८ वर आणण्याचा मसुदा निघाला होता, हरकती आल्यावर सरकारनं तो मागे घेतला. महाराष्ट्रात सौम्य बिअर आणि वाइनसाठी २१, कडक मद्यासाठी २५, शिवाय परवाना लागतो. गोव्यात १८.

किती थंड करायची? आमच्याकडे तर बर्फगार नसेल तर परत पाठवतात.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि सगळ्यात जास्त नासाडी होते ती इथेच.

बर्फगार बिअरची सवय आपल्याला मे महिन्यानं आणि स्वस्त लागरनं लावली. हलकी लागर ४ ते ७ अंशांवर चांगली लागते, यात वाद नाही. पण नाताळची गडद बिअर त्याच तापमानाला ओठांना लावली तर तिच्यातलं काहीच हाती लागत नाही. वास म्हणजे द्रवातून उडून नाकापर्यंत पोचणारे कण. द्रव फार थंड असला की ते उडतच नाहीत. जीभही बधिर होते, माल्टची गोडी दबते आणि उरतो तो गॅस आणि कडूपणा. तीच बिअर १० ते १३ अंशांवर आली की मनुका, खजूर, भाजलेल्या पावाची कड, दालचिनी असं एकेक वर येऊ लागतं.

आता बेळगावचा डिसेंबर आठवा. समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवरचं आपलं गाव, रात्री पारा १४-१५ पर्यंत उतरतो. मुंबईकराला जे तापमान यंत्र लावून आणावं लागतं ते आपल्याला टिळकवाडीच्या कुठल्याही गच्चीवर फुकट मिळतं. बाटली फ्रिजमधून काढा, अर्धा-पाऊण तास टेबलावर उभी ठेवा, मगच उघडा. ग्लासातली बिअर तळव्यांत धरून बसा आणि दर पाच-दहा मिनिटांनी वास घ्या. पहिल्या आणि शेवटच्या घोटातला फरक हीच या बिअरची खरी गंमत आहे. आणि ग्लास फ्रीझरमध्ये ठेवू नका. काचेवरचं हिमाचं पाणी बिअरमध्ये उतरतं.

त्यासाठी खास ग्लास घ्यावा लागतो का?

पोट फुगीर आणि तोंड आत वळलेलं असलं की झालं, वास आत कोंडून राहतो. वाइनचा ग्लास उत्तम चालतो. स्टीलचा पेला नको, रंग दिसत नाही. ग्लास धुतल्यावर साबण आणि तुपकट हात दोन्ही लागू देऊ नका. स्निग्धपणाचा अंश राहिला तरी फेस क्षणात मरतो.

चाखायची म्हणजे नेमकं काय करायचं? आम्ही तर ‘चिअर्स’ म्हणून पितो.

चिअर्स जरूर म्हणा. त्यानंतर थोडं थांबा.

एका वेळी ग्लासात १०० मिलीच्या आसपास घ्या. ग्लास तिरका धरून कडेनं ओता, शेवटी सरळ करून दोन बोटं फेस येऊ द्या. त्या फेसाकडे बघा. हलक्या लागरचा फेस पांढरा आणि घाईत बसणारा असतो. चांगल्या स्टाउटचा फेस बदामी, बारीक बुडबुड्यांचा असतो आणि पीत जाल तसतशी ग्लासाच्या आतल्या अंगाला त्याची एकेक कडी चिकटून राहते. ग्लास दिव्यासमोर धरला की काळी वाटणारी बिअर कडेला माणकासारखी लाल दिसते.

मग वास. एकदम लांब श्वास नको, लहान लहान दोन-तीन हुंगे पुरे. ग्लास हलकेच गोल फिरवून पुन्हा घ्या. कॅरॅमलकडे झुकणारा माल्ट असेल तर चिकोडी-निपाणीकडच्या माणसाला पहिल्यांदा आठवते ती गुऱ्हाळावरची काकवी, कढईतून नुकती उतरलेली. तसंच म्हणा. ‘टॉफी’ आणि ‘मोलॅसिस’ हे शब्द पुस्तकातले, तुमच्या नाकाला काकवी माहीत आहे. लवंगेचा वास आला म्हणजे लवंग घातलीच असेल असंही नाही. गव्हाच्या जर्मन बिअरमध्ये केळं आणि लवंग हे दोन्ही वास यीस्ट, म्हणजे बिअर आंबवणारं किण्व, स्वतः तयार करतं. बेल्जियमच्या बिअरमध्येही निम्मा ‘मसाला’ यीस्टचाच असतो.

आता घोट. तो पूर्ण तोंडात फिरू द्या आणि गिळा. वाइन चाखणारे थुंकतात, बिअरला ते चालत नाही, कारण हॉप्सचा कडूपणा गिळल्यानंतर घशाशी आणि जिभेच्या मागच्या बाजूला नीट कळतो. गिळल्यावर तोंड मिटून नाकानं श्वास सोडा. भाजलेली कॉफी, काळं चॉकलेट, संत्र्याची साल, जे काही दडलेलं असतं ते त्या श्वासात येतं. पुढच्या घोटाआधी साधं पाणी प्या आणि जे जाणवलं ते वहीत दोन शब्दांत लिहा. चार जण असाल तर आधी प्रत्येकानं आपापलं लिहावं, मग बोलावं. नाहीतर मोठा भाऊ म्हणतो ‘कॉफी’ आणि सगळ्यांना कॉफीच लागते.

एका बैठकीत किती प्रकार? आणि क्रम काय?

चार पुष्कळ झाले, आणि प्रत्येकाचे १०० मिली. फिकटकडून गडदकडे आणि कमी टक्क्यांकडून जास्तकडे जा. फार कडवट आयपीए सुरुवातीला ठेवलीत तर पुढच्या नाजूक बिअर पाण्यासारख्या लागतील.

सोबत खायला काय? चकण्याला फरसाण चालेल?

फरसाण, तिखट शेव, मसाला पापड हे सगळं मिठाचं आणि तिखटाचं. तहान वाढवतं, म्हणून बारवाल्याला परवडतं. चाखण्याच्या बैठकीत ते बाजूला ठेवा. अल्कोहोल मिरचीचा जाळ वाढवतं, गॅस त्यात भर घालतो. संकेश्वरी मिरचीचा ठेचा आणि १० टक्क्यांची बिअर एकत्र आली की अर्धा तास जिभेला दुसरं काही कळत नाही. ब्याडगीचं तसं नाही. ती रंग देते, चव देते, पण बेतानं जाळते. म्हणून ब्याडगीवरचं सुकं मटण आणि पोर्टर ही जोडी मला फार आवडते : कढईला चिकटून खरपूस झालेला मसाला आणि भाजलेला माल्ट एकाच जातीचे आहेत, एक दुसऱ्याला पुढं नेतो.

ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी हे आपल्याकडचं रोजचं, पण शेंगदाण्याचा तेलकट खमंगपणा तांबूस एलबरोबर विलक्षण लागतो. चटणी कमी तिखट करा, लसूण राहू द्या. डिसेंबरअखेर हुरडा सुरू झाला असेल तर कोवळ्या हुरड्याबरोबर गव्हाची बिअर घ्या, दोघांचा गोडवा हलका असतो.

गोडाकडे आलो की सीमाभागाचं पारडं जड होतं. बेळगावचा कुंदा घ्या. तासन्‌तास आटवून तांबूस झालेलं दूध आणि साखर. त्याचा घास आणि स्टाउटचा घोट, एका पाठोपाठ. स्टाउटचा कडूपणा कुंद्याची गोडी कापतो आणि कुंदा स्टाउटची धार मऊ करतो. बेल्जियन बिअर आणि चॉकलेट या जोडीचं जग कौतुक करतं, मला ही जोडी तिच्या तोडीची वाटते. गोकाकचा करदंट म्हणजे गूळ, डिंक आणि सुका मेवा, तो डॉपेलबॉकबरोबर. मांड्याला मात्र भारी बिअर नको, कागदासारख्या त्या पदराची चव दबून जाते.

आणि नाताळचं खरं ताट विसरू नका. कॅम्पातल्या गोवन घरांतून येणाऱ्या डब्यात कलकल, नेवऱ्या, दोदोल, बेबिंका असे गोड पदार्थ असतात. दोदोलमध्ये काळा गूळ आणि नारळाचं दूध, त्याला गडद बेल्जियन बिअर हवी. प्लम केकबरोबर तर काहीही गडद चालतं, फक्त केक बिअरपेक्षा फार गोड नसावा. तसा असला की बिअर आंबूस लागते.

शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबाकडे नाताळला जाताना बाटली न्यावी का?

आधी ओळख किती आहे ते बघा. ख्रिस्ती घर म्हणजे दारू चालणारच, हा समज काढून टाका. बेळगावात मेथडिस्ट मंडळी आहेत आणि त्यांच्या परंपरेत दारूपासून दूर राहणं महत्त्वाचं मानतात. कॅथलिक घरांतही २४ तारखेची रात्र मिस्सेची, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेची, असते. केक, फळं किंवा कुंदा घेऊन जा. घरातल्या मोठ्यांनी स्वतः ग्लास पुढं केला तर गोष्ट वेगळी.

घरी बिअर बनवता येईल का?

परवान्याशिवाय नाही, कर्नाटकात तो गुन्हा आहे. पण विकत आणलेल्या गडद बिअरला घरच्या मसाल्याची ऊब देता येते. इंग्लंडात गरम मसालेदार एलची जुनी चाल आहे, आपल्या थंडीला ती शोभते.

अर्धी वाटी पाण्यात दोन चमचे गूळ, बोटभर दालचिनी, दोन लवंगा, आल्याचा तुकडा आणि संत्र्याच्या सालीची एक पट्टी घाला. सालीचा आतला पांढरा भाग खरवडून टाका, तो कडू असतो. पाच मिनिटं उकळा, गाळा, आच अगदी मंद करा आणि मग ५०० मिली स्टाउट किंवा पोर्टर कडेनं सावकाश ओता. भांडं मोठं घ्या, फेस वर येतो. वाफ दिसू लागली की उतरवा. उकळी फुटली तर वास उडून जातो आणि उरतो तो निव्वळ कडूपणा. कडवट आयपीए यासाठी वापरू नका. गरम केल्यानं अल्कोहोल जातं असं समजून ती मुलांच्या हातात देऊ नका, ते त्यात राहतंच.

‘किक’ बसते का? स्ट्राँग घेतलेली काय वाईट?

हा प्रश्न विचारणाऱ्यांना मी आकडाच दाखवते. १० टक्क्यांच्या ३३० मिलीच्या बाटलीत ३३ मिली शुद्ध अल्कोहोल असतं. ६० मिलीच्या एका लार्ज व्हिस्कीत, ४२.८ टक्के धरून, सुमारे २६ मिली. म्हणजे ही छोटी बाटली एका लार्जपेक्षा भारी आणि साध्या (३३० मिलीच्या, ५ टक्क्यांच्या) दोन पिंटांच्या बरोबरीची आहे. ती पिंटासारखी घटाघटा प्यायची नसतेच. चार जणांत एक बाटली, हे माझ्या मते योग्य माप.

आपल्याकडच्या स्वस्त स्ट्राँगमध्ये टक्के वाढवण्यासाठी बहुधा साखर किंवा तांदूळ-मका वापरतात, अंगात माल्ट फारसा नसतो. नाताळच्या बिअरमध्ये टक्के येतात ते मुख्यतः भरपूर माल्टमुळे, म्हणून जडपणाबरोबर चवही येते. टक्के तेवढेच असले की शरीराला मात्र दोन्ही सारख्याच लागतात. उपाशी पोटी घेऊ नका, मध्ये पाणी प्या. गरोदर बायका, यकृताचा त्रास असलेले, मधुमेहाची किंवा झोपेची औषधं घेणारे आणि सोडण्याचा प्रयत्न करणारे यांना आग्रह करू नका. आग्रह करण्याची आपली सवय जेवणापुरती चांगली आहे.

न पिणाऱ्या माणसानं बैठकीत काय करायचं?

बसायचं आणि वास घ्यायचा. बऱ्याचदा त्यांचंच नाक सगळ्यात तल्लख असतं. शून्य टक्क्यांच्या हाइनिकेन आणि बडवायझर मिळतात. स्वीडनमध्ये तर १९१० पासून युलमुस्ट नावाचं माल्ट-हॉप्सचं बिनदारूचं पेय नाताळला असतं.

गाडीनं आलोय, दोनच ग्लास घेतले. चालवू का?

नाही. कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे आणि १० टक्क्यांची बिअर तिथवर फार लवकर नेते. पहिल्याच वेळी १० हजारांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. दंडाचं सोडा, चोर्ल्याचा आणि आंबोलीचा घाट रात्री धुक्यात शुद्धीतल्या माणसालाही जड जातो. ज्याच्या घरी बैठक त्याच्याच घरी अंथरुणं घाला.

जांबोटीच्या जंगलात किंवा राकसकोप तलावाच्या काठावर बसलं तर मजा येईल ना?

जांबोटीच्या पुढे कणकुंबीत मलप्रभा नदी उगम पावते. त्या वाटेवर दर जानेवारीत फुटलेल्या बाटल्यांची काच पसरलेली दिसते, गुरांच्या खुरात ती जाते, गवत कापणाऱ्या बायकांच्या हातात जाते. उघड्यावर पिणं बेकायदा आहे हे तर आहेच. घरी बसा.

३१ तारखेला काय प्यावं?

चाखण्याची बैठक त्या दिवशी ठेवूच नका. बार गच्च, गडबड मोठी, रात्री कॅम्पात ओल्डमॅन (सरत्या वर्षाचा पुतळा) जाळायला सगळा गाव लोटलेला. २६ ते २९ हे दिवस निवांत असतात, पाहुणे आलेले असतात आणि फराळही शिल्लक असतो.

बाटली उघडल्यावर वास विचित्र आला. खराब झाली असेल?

ओल्या पुठ्ठ्याचा वास म्हणजे हवा लागून जुनी झाली. नाकात जाणारा उग्र, रानटी दर्प म्हणजे उजेड लागला. उजेडानं हॉप्समधले घटक बदलतात. तपकिरी काच बऱ्यापैकी वाचवते, हिरवी आणि पांढरी नाही. म्हणून दुकानात उन्हात मांडलेली बाटली घेऊ नका, आतल्या फळीवरची मागा. लोण्याचा वास किंवा कच्च्या सफरचंदाचा वास येत असेल तर बहुतेक वेळा बिअर टाकीतून घाईनं काढलेली असते. नळावरच्या बिअरला हा दोष दिसला तर शांतपणे सांगा. चांगली ब्रुअरी ती बदलून देते आणि आभारही मानते. तळाशी बसलेला गढूळ गाळ मात्र दोष नाही. बेल्जियन बिअरमध्ये ते यीस्ट असतं. नको असेल तर शेवटचा बोटभर भाग बाटलीतच ठेवा.

एखादी बाटली पुढच्या नाताळासाठी ठेवता येईल का?

ठेवता येईल, पण कुठली ते बघून. ८ टक्क्यांच्या वरची, गडद, माल्टची बिअर वर्षभरात गोलाई धरते. खजुराचा आणि शेरीचा वास येऊ लागतो. मसाल्याची असेल तर मसाला मंदावतो. आयपीए, गव्हाची बिअर आणि हलकी लागर ठेवू नका, हॉप्सचा वास महिन्या-दोन महिन्यांतच उतरतो. अडचण आपल्या एप्रिल-मेची आहे. त्या उन्हात माळ्यावर ठेवलेली बाटली शिजून निघते. फ्रिजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात, भाज्यांच्या मागे, उभी ठेवा. आडवी नको, बिअर टोपणाला लागून राहते. जमलं तर दोन घ्या : एक यंदा उघडा, चव वहीत लिहून ठेवा, दुसरीच्या मानेला तारखेची चिठ्ठी बांधा आणि पुढच्या डिसेंबरात त्याच चौघांना बोलवा.